आकडा भरला की थांबायचं

(ठाण्यातल्या एका वाचनालयात आषाढातल्या संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. बाहेर पाऊस धो धो आहे, स्टेशनजवळ पाणी साचलंय, तरी तुम्ही आलात. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना मी ओळखतो. ते कशासाठी आलेत तेही मला ठाऊक आहे. गटारी आठ दिवसांवर आलीय, पापलेटच्या भावाला हात लावता येत नाही, आणि मास्तर माशांवर बोलणार आहेत म्हटल्यावर खायला नाही तर निदान ऐकायला तरी म्हावरं मिळेल, असा हिशेब आहे.

सध्या बंदी चालू आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक नौकांनी समुद्रात जायचं नाही. तरी आज सकाळी बाजारात बर्फावर सुरमई मांडलेली होतीच. मावशीला विचारलं, कुठली? म्हणाली, आंध्राची. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिलला लागते आणि १४ जूनला उठते. म्हणजे आपल्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा तिकडच्या सुटलेल्या असतात. ठाणेकराच्या ताटात त्यामुळं खंड पडत नाही, खिशात पडतो. ही तक्रार नाही, पण आजच्या विषयाची पहिली खूणगाठ इथंच बांधून ठेवा. आपण एका जागी थांबलो की मासेमारी थांबत नाही, ती दुसरीकडं सरकते.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी चेंदणी कोळीवाड्यातला. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. आजोबा खाडीत पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकायचे. वडील कारखान्यात पाळी करायचे आणि उरलेल्या वेळात होडी काढायचे. ‘उरलेल्या वेळात’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढं त्यांच्यावर यायचं आहे.

आपल्याकडं मासेमारीला नियम नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मत्स्यव्यवसाय खात्याच्या फायली बघाव्यात. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०२१ मध्ये तो दुरुस्त होऊन कडक झाला. मासे कधी धरायचे, तर पावसाळी बंदी सोडून. कुठं धरायचे, तर किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अंमल, त्यापुढं केंद्राचा, आणि आतल्या पट्ट्यात मोठ्या यंत्रांना मज्जाव. कशानं धरायचे, तर जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा, आकार ठरलेला, पर्ससीनला, म्हणजे मासळीचा थवा वेढून आवळायच्या मोठ्या जाळ्याला, २०१६ पासून सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने, आणि एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला २०१७ पासून केंद्राचीच बंदी. केवढा मासा धरायचा, तेही आलं. २०२३ साली महाराष्ट्रानं ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. ते करायची वेळ आली यातच काय ते समजा.

कधी, कुठं, कशानं, केवढा. नियम पाळले जातात की नाही हे सोडा, पण या चारही प्रश्नांना कागदावर उत्तर आहे. पाचवा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही: किती? वर्षाला अरबी समुद्रातून पापलेट किती टन काढायचं आणि त्या टनाला पोचलो की सगळ्यांनी थांबायचं, असा आकडा आपल्याकडं एकाही माशाला नाही. देशाचा एक अंदाज आहे. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी सांगितलं की भारताच्या २०० मैलांच्या सागरी क्षेत्रातून वर्षाला ५३.१ लाख टन मासे काढता येतील. पण ही क्षमता झाली. ती गाठली म्हणून कुणाला परत फिरावं लागत नाही. भांड्यावर ‘पाच लिटर’ छापलेलं असतं, म्हणून दूध उतू जायचं थांबत नाही.

आज मी या पाचव्या प्रश्नावरच बोलणार आहे. जगात काही देशांनी त्याचं उत्तर ठरवलंय. त्याला वार्षिक पकड मर्यादा म्हणतात. तिथं काय झालं, चांगलं आणि वाईट, ते आधी सांगतो.

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. माशांचं गणित सांगताना सगळे बँकेच्या ठेवीचा दाखला देतात: मुद्दल ठेवा, व्याज खा. मी तो देत नाही, कारण तो चुकीचा आहे. ठेव जितकी मोठी, तितकं व्याज मोठं. माशांचं तसं नसतं. समुद्रात मासा अगदी भरलेला असेल तर खाण्यासाठी झुंबड, पिल्लं जगत नाहीत, वाढ जवळजवळ शून्य. तुमच्या गॅलरीतला कढीपत्ता आठवा. वर्षभर हात लावला नाही तर तो उंच, काटकुळा होतो. अधूनमधून छाटला की फुटवे येतात. आणि शेजारणी, पाहुणे, सासूबाई सगळ्यांनीच रोज ओरबाडला तर वाळतो. सगळ्यात जास्त फुटवा येईल इतकीच छाटणी, म्हणजे मूळ साठा साधारण निम्म्यावर राखायचा, हे मत्स्यशास्त्रातलं जुनं गणित. १९५४ मध्ये मिलनर शेफर यांनी ते सूत्रात मांडलं. १९७७ मध्ये पीटर लार्किन नावाच्या कॅनेडियन शास्त्रज्ञानं त्यावर मृत्युलेखच लिहिला, कारण नेमका तो टोकाचा बिंदू गाठायच्या नादात लोक पलीकडं घसरत होते. तरी १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात ती कल्पना आहेच. त्या करारात आपण १९९५ मध्ये सामील झालो. आपल्या सागरी क्षेत्रात किती पकड करू द्यायची हे किनारी देशानं ठरवावं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

अमेरिकेनं हे सगळ्यात शिस्तीत केलं. १९७६ चा मॅग्नुसन-स्टीव्हन्स कायदा, आणि त्याची २००६ ची दुरुस्ती. ज्या माशांची अतिमासेमारी चालू होती त्यांना २०१० पर्यंत, बाकीच्यांना २०११ पर्यंत वार्षिक मर्यादा लावायचीच, असं बंधन आलं. तिथं आकडा एकदम ठरत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतो. हे समजायला मी ठाण्याची लोकल घेतो.

समजा तुमची ८:१४ ची फास्ट आहे. ८:१४ ओलांडलं की गाडी गेली. हा झाला अतिमासेमारीचा आकडा. पण तुमचं घड्याळ बरोबर आहे की नाही याची खात्री नाही, म्हणून शहाणा माणूस ८:१० धरून चालतो. ही सूट अज्ञानाची. समुद्राखालचा मासा मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो, म्हणून शास्त्रज्ञ आकडा खाली आणतात. पुढं, घड्याळ बरोबर असलं तरी स्वतःच्या पायांचा भरवसा नसतो. रिक्षा मिळत नाही, जिन्यावर गर्दी असते. म्हणून तुम्ही ८:०५ ला फलाटावर पोचायचं ठरवता. ही सूट अंमलबजावणीची. होड्या किती पकडतायत त्याची खबर उशिरा येते, काही मासा नोंदीत येतच नाही, म्हणून व्यवस्थापक आणखी खाली लक्ष्य ठेवतात.

त्या कायद्यातली खरी ग्यानबाची मेख पुढं आहे. आकडा ठरवणाऱ्या आठ प्रादेशिक परिषदा आहेत, त्यांत मच्छीमार असतात, राज्यांचे अधिकारी असतात. त्यांना आकडा कमी करायची मुभा आहे, पण आपल्याच शास्त्रीय समितीनं सांगितलेल्या आकड्याच्या वर जायची नाही. ८:१० सांगितलं असेल तर ८:१२ चालणार नाही, मग निवडणूक असो की नसो. आणि मर्यादा ओलांडली तर पुढं काय, हेही आधीच लिहून ठेवायचं: हंगाम बंद, किंवा जास्तीचे टन पुढच्या वर्षीच्या वाट्यातून वजा. त्याचं फळ मिळालं. २००० सालापासून ५० साठे पुन्हा उभे राहिले, असं त्यांच्या २०२३ च्या अहवालात आहे. पण न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा, कॉड मासा अजून सावरलेला नाही. तिथलं पाणीच तापलंय, आणि त्याला कुठलाही कायदा मर्यादा घालू शकत नाही.

युरोपचं उलटं. तिथं वर्षानुवर्षं डिसेंबरात ब्रुसेल्सला मंत्री रात्र रात्र बसायचे आणि पहाटे जो आकडा यायचा तो शास्त्रज्ञांच्या सल्ल्यापेक्षा चढाच असायचा. ईशान्य अटलांटिकातल्या बांगड्याच्या भाऊबंदाचं, मॅकरेलचं, तर विचारूच नका. एकूण किती धरायचे यावर सगळे राजी, पण वाटणीवर एकमत नाही. मग प्रत्येक देशानं आपला वाटा आपणच जाहीर केला, आणि सगळ्यांची बेरीज सल्ल्याच्या बरीच वर गेली. २०१९ मध्ये त्या मासेमारीचं शाश्वततेचं प्रमाणपत्रही गेलं. बेरीज चुकायला गणित कच्चं असावं लागत नाही. वाटेकरी चार असले की पुरतं.

आता कॅनडा. इथं मी थोडा थांबणार आहे, कारण माझ्यासारख्या आकडेवाल्यानं मान खाली घालायची जागा ती आहे.

न्यूफाउंडलंडचा कॉड म्हणजे शेकडो वर्षांची मासेमारी. १९५० नंतर मोठे कारखानावजा ट्रॉलर, म्हणजे मागं जाळं ओढत नेणारी जहाजं, आली. १९६८ मध्ये एका वर्षात सुमारे ८ लाख टन मासा निघाला. मग पकड कोसळली. १९७७ मध्ये कॅनडानं २०० मैलांचं क्षेत्र आपलं केलं, परदेशी जहाजं बाहेर काढली आणि दरवर्षी मर्यादा ठरवायला सुरुवात केली. नीट ऐका: मर्यादा होती. शास्त्रज्ञ होते, नोंदी होत्या. आणि तरी २ जुलै १९९२ ला मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांना ती मासेमारीच बंद करावी लागली. एका झटक्यात सुमारे ३० हजार माणसं घरी बसली. बंदी दोन वर्षांची म्हणून सांगितली होती. ती उठायला २०२४ उजाडलं, आणि उठली तेव्हा मर्यादा ठेवली १८ हजार टन.

चुकलं काय? शास्त्रज्ञांनी साठ्याचा अंदाज बांधताना मोठ्या ट्रॉलरना दिवसाला किती मासा मिळतो याच्यावर बराच भर दिला. तो आकडा चांगला राहिला, म्हणून साठा चांगला आहे असं मानलं. पण कॉड कमी झाला तशी उरलेली झुंड एकत्र गोळा होत गेली, आणि ट्रॉलरकडं ती झुंड शोधायची यंत्रं होती. शंभर घरांच्या गावात दहाच घरं उरली आणि ती सगळी देवळाजवळ राहायला आली, तर देवळात बसलेल्या पुजाऱ्याला गाव भरलेलंच वाटणार. किनाऱ्याजवळ छोट्या होडीनं मासेमारी करणारे मात्र आधीपासून ओरडत होते: मासा येत नाही, आला तर बारका येतो. त्यांच्या होड्या झुंडीमागं जाऊ शकत नव्हत्या. मासा त्यांच्याकडं यायचा, तो यायचा थांबला होता. म्हणजे खरा नमुना त्यांच्या हातात होता आणि आम्ही आकडेवाले तो ‘ऐकीव’ म्हणून बाजूला ठेवत होतो. वर्गात नमुना निवडीचा धडा शिकवताना मी पुढं दरवर्षी हाच दाखला दिला.

याच्या पुढची गंमत अलास्काची. तिथं हॅलिबट नावाच्या मोठ्या चपट्या माशाला एकूण मर्यादा होती, ती पाळलीही जायची. पण वाटे नव्हते. जो आधी धरेल त्याचा. मग काय, होड्या वाढल्या, हंगाम आखडत गेला, आणि १९९० च्या सुमारास वर्षातून दोन-तीनदा चोवीस-चोवीस तासांची शर्यत उरली. त्या दिवशी वादळ असलं तरी निघायचं, कारण उद्या हंगामच नाही. माणसं बुडाली. सगळा मासा एका दिवशी बंदरात, म्हणून भाव पडलेला, आणि वर्षभर लोकांनी खायचा गोठवलेला. आपल्याकडं १ ऑगस्टला पहाटे किनाऱ्यावरून ज्या वेगानं होड्या सुटतात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते दिसेल. १९९५ मध्ये त्यांनी प्रत्येकाचा वाटा ठरवून दिला आणि हंगाम आठ महिन्यांचा झाला. आपला वाटा कुणी पळवणार नाही म्हटल्यावर हवा बघून जा.

म्हणजे वाटे करणं हे उत्तर? आता माझ्या वडिलांच्या ‘उरलेल्या वेळा’वर या.

न्यूझीलंडनं १९८६ मध्ये जगात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वाटे पाडले, आणि वाटा विकता येईल असं केलं. त्याआधी १९८३ मध्ये त्यांनी एक साफसफाई केली होती. जे पूर्णवेळ मच्छीमार नाहीत, ज्यांचं पोट मुख्यतः दुसऱ्या कामावर आहे, त्यांचे परवाने काढून घेतले. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. पण त्या अर्धवेळवाल्यांत माओरी मोठ्या संख्येनं होते. किनाऱ्यावरचे मूळचे लोक, जे थोडी शेती, थोडी मजुरी आणि थोडी मासेमारी करून राहायचे. तीन वर्षांनी वाटे पाडले तेव्हा ते यादीतच नव्हते. पुढं खटले झाले आणि १९९२ मध्ये सरकारनं मोठा समझोता करून त्यांना हक्क दिले.

माझे वडील त्या यादीतून पहिल्या झटक्यात गेले असते. रेतीबंदरापासून दिवाळ्यापर्यंत, खाडीच्या दोन्ही काठांवरच्या कोळीवाड्यांत आज पूर्णवेळ खाडीवर जगणारं घर शोधावं लागेल. कुणी पालिकेत आहे, कुणी रिक्षा चालवतो, आणि भरती-ओहोटी साधली की चिंबोऱ्या नाहीतर कोलंबी आणतो. उद्या कुणी म्हणालं ‘खरे मच्छीमार किती ते मोजा’, तर मोजणाऱ्याच्या फॉर्मवर ‘मुख्य व्यवसाय’ असा एकच रकाना असेल. मी फॉर्म तयार करणाऱ्यांपैकी होतो, म्हणून सांगतो. रकान्यानं माणूस नाहीसा होतो.

आइसलंडला वाटे विकता येऊ लागल्यावर ते थोड्या मालकांच्या हातात गोळा झाले. २००७ मध्ये तिथल्या दोन मच्छीमारांच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं ही वाटणी न्याय्य नाही असं मत दिलं. म्हणून माझं म्हणणं असं: मर्यादा हवी, पण वाटा बाजारात विकायला मिळता कामा नये. कोळीवाड्याच्या जमिनीचं काय झालं ते आपण बघितलंय. पाण्याचं तसं करायचं नाही.

आता घरी येऊ. आपल्याकडं हे का झालं नाही? ‘सरकार झोपलंय’ हे उत्तर मला मान्य नाही, ते फार सोपं आहे.

अडचण मोजण्यापासून सुरू होते. थंड समुद्रातल्या माशाच्या कानात एक खडा असतो, त्याच्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वर्तुळं दिसतात. हिवाळ्यात वाढ मंदावते, म्हणून वर्तुळ उठतं. आपल्या समुद्राला कसला हिवाळा? वर्तुळं धूसर. मग आपले शास्त्रज्ञ हजारो माशांची लांबी मोजून वयाचा अंदाज काढतात. अमेरिकेत मोठी होडी ठरावीक बंदरात येते. आपल्या राज्यात मासा उतरवायच्या दीडशेच्या वर जागा आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं त्यांतल्या नमुन्यादाखल निवडलेल्या जागी, निवडलेल्या दिवशी जाऊन होड्या मोजतात आणि त्यावरून राज्याचा आकडा काढतात. पद्धत उत्तम आहे, मी ती शिकवलीय. पण ती वर्ष संपल्यावर ‘किती झालं’ हे सांगते. ‘परवा आकडा भरतोय, थांबा’ हे तिला सांगता येत नाही.

दुसरी अडचण जाळ्यात आहे. नॉर्वेच्या होडीला कॉड हवा असला तर बहुतेक कॉडच मिळतो. आपल्या ट्रॉलच्या एका ओढीत काय काय येतं ते सांगत बसलो तर तुम्हाला भूक लागेल. समजा घोळ या माशाची मर्यादा भरली. आता त्याच जाळ्यात कोलंबीबरोबर घोळ आली तर काय करायचं? समुद्रात फेकायची? ती मेलेलीच असते. फेकू नका म्हटलं तर एका माशासाठी सगळं जाळं बंद. युरोपात हाच घोळ झालाय, शब्द मुद्दाम वापरला.

डोलीच्या जाळ्याचं आणखी वेगळं. भरतीच्या प्रवाहात उभी केलेली ती पिशवी. बोंबील आला, जवळा आला, पापलेटचं नखाएवढं पिल्लू आलं, तिला सगळं सारखंच. जवळ्यासारखा वर्षभराच्या आत आयुष्य संपवणारा जीव मर्यादेत बसवण्यात अर्थही नाही. अमेरिकेच्या कायद्यानंही साधारण वर्षभर जगणाऱ्यांना सूट दिलीय. म्हणजे सुकट खाणाऱ्यांनी निर्धास्त राहावं.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये देशातले १३५ साठे तपासले, त्यांतले ९१.१ टक्के ठीक आहेत असा निष्कर्ष आला. मग मी इथं उभा राहून कसली ओरड करतोय? माझं उत्तर दोन भागांत आहे. एक, साठा ठीक असणं आणि तो ठीक राहील अशी व्यवस्था असणं, या वेगळ्या गोष्टी. केरळची तारली मासळी बघा. २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही नाही. त्याला मासेमारीपेक्षा समुद्राचं हवामान जास्त कारण असेल, पण म्हणूनच आकडा दरवर्षी नव्यानं ठरवायला हवा. ‘वार्षिक’ या शब्दाला किंमत आहे ती इथं. पेरू देशातल्या अँचोवी या बारक्या मासळीची पकड १९७० मध्ये सव्वा कोटी टनांच्या घरात होती, १९७३ पर्यंत २० लाखांच्या आत आली. तो धडा शिकून ते आता हंगामाआधी जहाजं पाठवून मोजतात. २०२३ मध्ये मोजणीत बारका मासा फार दिसला, तर पहिला हंगामच रद्द केला. लाखो टनांचा धंदा, एका मोजणीवर थांबवला.

दोन, आपल्याच राज्याचा आकडा. २०१९ मध्ये महाराष्ट्राची पकड २.०१ लाख टन झाली, ४५ वर्षांतली सगळ्यात कमी. वर्तमानपत्रांनी लगेच ‘समुद्र रिकामा’ म्हणून मथळे दिले. तसं म्हणता येत नाही. त्या वर्षी वायू, क्यार, महा अशी वादळांमागून वादळं आली, होड्या कितीतरी दिवस बंदरातच होत्या. पकड कमी म्हणजे मासा कमी, असं नसतं. पण पकड जास्त म्हणजे मासा जास्त, असंही नसतं, ते कॅनडानं शिकवलं. या दोन चुकांच्या मधून चालायचं असेल तर साठा स्वतंत्रपणे मोजावा लागतो. तो खर्च कुणाला नको असतो.

मग करायचं काय? सगळ्या माशांना एकदम मर्यादा लावायला मी सांगणार नाही, पहिल्याच वर्षी खोट्या नोंदींचा कारखाना उघडेल. पापलेटपासून सुरू करा. कारण साधं आहे: पापलेट आधीपासून वजनावर विकलं जातं. सातपाटीत सहकारी संस्थेमार्फत पापलेट गोळा करून वजनाप्रमाणे प्रती लावण्याची रीत जुनी आहे. कुठल्या प्रतीचं किती आलं हे संस्थेला माहीत असतं, कारण त्यावर पैसे द्यायचे असतात. ज्या मोजणीवर पैसे ठरतात ती मोजणी माणूस काळजीपूर्वक करतो. सरकारी तक्त्याची तशी करत नाही. मर्यादा राज्यानं सांगावी, वाटा संस्थेला द्यावा, होडीला नाही. संस्थेनं आपल्या सभासदांत तो कसा वाटायचा ते बसून ठरवावं. गुजरातशी बोलावं लागेल, कारण पापलेटला राज्याची हद्द दिसत नाही. आपण थांबलो आणि उत्तरेकडच्या होड्यांनी उचललं, तर सकाळच्या सुरमईसारखंच व्हायचं. शेवटच्या घडीला, सल्ल्याच्या वर आकडा न्यायचा अधिकार कुणालाच ठेवू नये, मंत्र्यालाही नाही.

आपल्या खाडीबद्दल मात्र मर्यादेची भाषा मी करणार नाही. ठाण्याच्या खाडीत रोहित येतात, २०२२ मध्ये तिला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, सगळं छान. पण आजोबा ज्या पाण्यात जिताडा धरायचे तिथून तो जाळ्यांमुळं गेलेला नाही. सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, भराव. चार होड्यांच्या कोळ्याला ‘तू कमी धर’ सांगणं म्हणजे भिंत कोसळल्यावर पालीला जबाबदार धरणं.

पूर्वी बंदी नारळी पौर्णिमेशी जोडलेली असायची. नारळ सोडल्याशिवाय होडी सुटत नसे. तेव्हा ‘किती’ असं कुणी विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. होडी शिडाची, बर्फ नाही, दोन दिवसांपेक्षा बाहेर राहता यायचं नाही. मर्यादा होडीतच बांधलेली होती. इंजिन आलं, बर्फ आला, मासा शोधायची यंत्रं आली आणि ती मर्यादा सुटली. तिच्या जागी दुसरी कुणी बांधली नाही, एवढंच झालं.

प्रश्न असतील तर घेतो.

(पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या, बाजारात मासळी विकणाऱ्या एका आजींनी विचारला: “मास्तर, आकडा भरला ह्ये मना कोन सांगल? मोबाईलवर येल?”)

आजी, बाहेरच्या देशांत मोबाईलवरच येतं. होडी बंदरात लागली की वजन लगेच संगणकावर चढतं, बेरीज चालू असते, आणि भरत आली की तारीख जाहीर होते. आपल्याकडं माझा विश्वास मोबाईलपेक्षा बर्फावर आहे. होडी बर्फाशिवाय जात नाही, डिझेलशिवाय जात नाही, आणि दोन्ही बहुतेक ठिकाणी संस्थेमार्फत किंवा ओळखीच्या ठिकाणाहून येतं. पापलेटचा आकडा भरला की त्या जाळ्यांच्या होड्यांना बर्फ द्यायचा नाही. पोलीस नको, बोट नको. बर्फवाल्यानं नाही म्हणायचं.

(“बरफवाला माजा भाचाच हाय,” आजी म्हणाल्या आणि खाली बसल्या.)